मेदानचे आठ, पेनांगचे नऊ

हर्लिना न्याहारीला खाली उतरली तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती. तिच्या मनगटावर आठ वाजले होते... पण ते मेदानचे आठ. पेनांगात नऊ झाले होते.

"विमानाने पाऊण तास, घड्याळात मात्र पावणेदोन," घरमालक बून कियट पातेल्यावरचं झाकण उचलत म्हणाला. "मेदानचे पाहुणे पहिल्या दिवशी हमखास फसतात. म्हणून पेज बाजूला ठेवतो."

"सगळ्यांसाठी?"

"आजपासून... सगळ्यांसाठी."

तिला हसू आवरलं नाही.

त्याचं हे राहण्याजेवणाचं घर इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत होतं. मेदानची कितीतरी माणसं समुद्र ओलांडून उपचाराला इथे येत, तशी हर्लिनाही आईच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी येऊ लागली. घड्याळ तिने कधी पुढे केलं नाही. आईच्या गोळ्यांची वेळ चुकते, असं ती सांगायची. खरं म्हणजे उशिरा उतरलं की खाली दुसरं कुणी नसायचं, आणि बून कियट समोर बसून उगाचच कॉफी ढवळत राहायचा.

दीड वर्षाने डॉक्टर म्हणाले, "आता इथे यायची गरज नाही. पुढचं मेदानलाच बघा." आई खूश झाली. हर्लिनालाही आनंद झाला. पण त्या सकाळी ती पेज नुसतीच ढवळत बसली. आता कुठल्या निमित्ताने यायचं?

दोघींना विमानतळावर सोडायला बून कियटच निघाला.

"येताना पावणेदोन तास जातात," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "इथून तिकडे जाताना मात्र घड्याळ जवळपास जागचं हलत नाही. म्हणजे... इथल्या माणसाला यायला वेळच लागायचा नाही."

"हो ना," तो म्हणाला. "आंटी, मीठ कमी खा हं."

"कमीच खाते रे," मागून आई म्हणाली. "ती काय म्हणतेय ते ऐक."

त्याचे कान लाल झाले. तरी विमानतळ येईपर्यंत तो आईला पथ्यंच सांगत राहिला. हर्लिनाला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

तीन आठवड्यांनी त्याचा निरोप आला – रविवारी येतोय, विमानतळावरून गावात कसं यायचं? तिने उत्तर दिलं नाही. ती स्वतःच त्याला घ्यायला गेली.

आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेला बून कियट मुगाच्या सारणाच्या बिस्किटांचा डबा छातीशी धरून बाहेर आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाला, "दहाला निघालो... इथे अजून दहाच. खरंच वेळ लागला नाही."

"दीड वर्ष लागलं तुला," हर्लिना म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "पेज अजून बाजूला ठेवतो मी. रोज."

"खातं कोण?"

"मीच. पण एकट्याने खाववत नाही... तुझ्याशिवाय करमत नाही मला."

तिने एका हाताने डबा घेतला, दुसऱ्या हाताने त्याचा हात.

"चल," ती म्हणाली, "आज आईने बाजूला ठेवलीय."