पूर्ण मात्रा

रक्तजुळणी यंत्राने दिलेलं उत्तर डॉ. सुलभा टोणगावकरांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग तंत्रज्ञालाच झापलं. "नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. आई आणि मुलीचं अर्धं तरी जुळतंच. इथे काहीच जुळत नाही म्हणतंय."

नव्याने रक्त काढलं, नव्याने तपासलं. उत्तर तेच आलं.

वैजयंती भोयर मंगळाच्या कक्षेतून नुकतीच परतली होती, आणि तिची सतरा वर्षांची नीरजा नागपूरच्या या मज्जारोपण केंद्रात तिची वाट बघत पडली होती. मुलीच्या हाडांतली मज्जा रक्त बनवायचंच विसरली होती. वडील दिलीप ती लहान असतानाच गेले, आणि रक्ताच्या नात्यातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दुसरा दाता सापडला नव्हता असंही नाही. पाटण्याचा एक तरुण बऱ्यापैकी जुळत होता. पण आई येतेय, आईचं अर्धं हमखास जुळतं, मग बाहेरचं कशाला, असं सगळ्या शहाण्यांनी मिळून ठरवलं. तो तरुण दुसऱ्या कुणाला तरी मज्जा देऊन मोकळा झाला. आता बरेच महिने तो पुन्हा देऊ शकणार नव्हता, आणि नीरजाकडे काही आठवडेच होते.

टोणगावकरांनी हेमंत निखाडेला बोलावलं. हेमंत म्हणजे दिलीपचा जिवलग मित्र. वैजयंती अंतराळात असताना नीरजा त्याच्याच घरी राहिली होती. आणि यानातल्या लोकांना किरणोत्सर्गापासून वाचवणारं 'सैलक' नावाचं प्रथिन त्यानेच घडवलं होतं. त्याने दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"नळ्या बदललेल्या नाहीत, मॅडम," तो म्हणाला.

"मग काय झालंय ते नीट सांगा."

"प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. डीएनए तुटला की पेशी शक्यतो त्याच प्रतीच्या ताज्या नकलेवरून तो सांधते. समोरच्या प्रतीवरून उतरवून घ्यायला पेशीतलं एक लगाम-प्रथिन सहसा आडकाठी करतं. एरवी ते चांगलंच आहे. पण अंतराळातल्या किरणांत ती नक्कलही तुटते. म्हणून सैलक. ते लगाम ढिला करतं. आईकडची प्रत तुटली तर वडिलांकडची बघून लिहायची, वडिलांकडची तुटली तर आईकडची."

"आणि यात काही बिघडतंय हे तपासणीत दिसलं नाही?"

"आम्ही चुका शोधत होतो. आईकडचा मजकूर बरोबर, वडिलांकडचाही बरोबर. दोन्ही जागी एकच मजकूर आला तर त्यात चूक कुठे दिसणार? आम्ही शंभर टक्के दुरुस्ती म्हणून टाळ्या वाजवल्या."

टोणगावकरांच्या आता ध्यानात आलं. "गुणसूत्रावरचा जुळणी ठरवणारा पट्टा."

"हो. वहिनींच्या मज्जेतल्या बहुतेक मूळपेशी वाटेत मेल्या. ज्या थोड्या तगल्या, त्यांच्यात वहिनींच्या आईकडच्या पट्ट्यावर वहिनींच्या वडिलांकडचा लिहिला गेला, आणि त्यांनीच पुढे सगळी मज्जा भरून काढली. नीरूला मिळालाय तो पट्टा वहिनींच्या आईकडचा. तो आता वहिनींच्या रक्तात नाही."

वैजयंती तिथेच खुर्चीवर बसली होती. पृथ्वीवरचं वजन अजून तिच्या पायांना झेपत नव्हतं.

"मग परत लिहा ना तो पट्टा," ती म्हणाली.

"फार लांबलचक आहे, वहिनी. वर्ष लागेल."

"मी जाण्याआधी घेतलेलं रक्त असेल ना ठेवलेलं?"

"ते तपासणीपुरतं होतं. वाचता येईल, त्यातून मज्जा उगवणार नाही."

"मग माझी आहे तशीच द्या."

टोणगावकरांचा आवाज खाली आला. "तुमच्या पेशी तिच्या शरीराला परकं समजतील. तिचं कातडं, तिचं यकृत, सगळ्यावर तुटून पडतील. आज ती निदान बोलते तरी आहे."

वैजयंतीने हेमंतकडे पाहिलं. मग म्हणाली, "यानातल्या बाकीच्यांचंही असंच झालंय?"

हेमंतला या प्रश्नाचीच धास्ती होती. "नाही. त्यांच्या दोन्ही प्रती बऱ्याचशा शाबूत आहेत. त्यांनी अर्धी मात्रा घेतली होती."

अर्धी सक्तीची होती, उरलेली ज्याच्या त्याच्या मर्जीवर. अर्धी पुरेशी आहे, असं हेमंतने तिला परोपरीने समजावलं होतं. पण निघायच्या दिवशी नीरजाने तिच्या गळ्यात पडून हट्ट धरला होता. बाबा गेले, आता तू तरी धडधाकट परत ये. देतील ते सगळं औषध घे, एक थेंब सोडू नकोस. वैजयंतीने एक थेंब सोडला नाही. त्या वेळी हेमंतही तिथेच उभा होता आणि माय-लेकींकडे बघून हसला होता. आता ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

"तिला मी सांगते," वैजयंती म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत नीरजाच्या खोलीकडे निघाली. हेमंत मागोमाग गेला आणि दारातच थांबला.

नीरजा उशीला टेकून बसली होती. "कधी करायचं म्हणाले गं? घरी काकूला सांगून ठेवलंय, बरी झाले की पहिल्यांदा सांबारवडी खाणार."

"नीरू, माझं जुळत नाहीये."

"आईचं जुळतंच. काकाच म्हणाले."

"जुळायचं. तिकडे किरणांपासून वाचायला औषध घेतलं, त्याने माझं रक्त बदललं. तुझ्याशी जुळणारा भाग पुसला गेला."

नीरजाने कोरडे पडलेले ओठ जिभेने ओले केले. "सगळ्यांचंच झालं असं?"

"नाही. मी दुप्पट घेतलं."

"का?"

ती आपला हट्ट विसरली होती की आता आठवू पाहत होती, कोण जाणे. वैजयंतीने तिला आठवायला वेळच दिला नाही.

"घाबरले मी. मरायची भीती वाटली. काका नको म्हणत होते, तरी घेतलं."

"स्वतःसाठी?"

"हो. स्वतःसाठी."

नीरजाचा चेहरा कसनुसा झाला. ती हळूहळू आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. "तू जा आत्ता," ती म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचं नाही."

वैजयंती बाहेर आली. हेमंतने दार लोटलं.

"वहिनी, हे काय केलंत? तिनेच तर तुम्हाला..."

"हेमंतभाऊ." तिने त्याचा दंड धरला, नाहीतर ती पडली असती. "हे तुम्ही तिला कधी म्हणजे कधीच सांगायचं नाही. तिला माझ्यावर रागावून जाऊ दे. स्वतःवर नको."

थोड्या वेळाने ती पुन्हा आत गेली. नीरजाने मान वळवली नाही. वैजयंतीने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि तिच्या पाठीशी स्टुलावर बसून राहिली.