हँडलवरची दस्ती

बीडकडच्या पालीजवळ सीताफळाचा गर काढायच्या कारखान्यात मला शीतखोलीचा टेंपरेचर कंट्रोलर बसवायचा होता. आठवड्यातलं हे पाचवं पॅनल. पाठ धरली होती, डोळे जळत होते. लवकर आटोपलं तर बरं, एवढंच डोक्यात होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मेन स्विच पाडायचा, म्हणजे बंद करायचा, आणि गळ्यातला रुमाल, आम्ही दस्ती म्हणतो, त्याच्या हँडलला बांधायचा. दस्ती दिसली म्हणजे माणूस कामावर आहे. ज्याची दस्ती त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हल्ली कुलूप लावतात, पण त्या जुन्या मेनला कुलपाची सोयच नव्हती.

मेन आधीच पाडलेला होता. हँडलला लाल काठाची एक दस्ती होती, धुळीनं कडक झालेली.

"धोंडीराम वायरमनची हाय," कारखाना सांभाळणाऱ्या सत्यशीलाताई म्हणाल्या. "गेल्या हंगामात सेन्सर टांगायला खोलीत गेलते. तिथंच जीव गेला त्यांचा. तवापासून कुणी सोडली न्हाई."

त्या दिवशी मेन बंद असताना जुन्या कंट्रोलरवर छत्तीस पॉइंट नऊ, म्हणजे जित्या माणसाच्या अंगाइतका, आकडा लागला होता आणि मग हळूहळू उतरत गेला, असंही त्यांनी सांगितलं. मी नुसती मान हलवली. दमलेल्या माणसाला भुताखेतांचाही कंटाळा येतो. उद्या फळांच्या गाड्या येणार होत्या. मी ती दस्ती सोडून टेबलावर ठेवली आणि माझी हिरव्या काठाची बांधली. चुकलंच माझं.

टेस्टरनं तिन्ही फेज तपासले. कंट्रोलर बसवला, अर्थिंग जोडलं, सेन्सरची वायर कॉम्प्रेसरच्या केबलपासून लांबून नेली. मग सेन्सर टांगायला खोलीत गेलो. वर्षभर बंद असलेल्या खोलीत घामाचा ताजा वास होता. माझाच असेल म्हणालो आणि बाहेर आलो.

दस्तीची गाठ सुटता सुटेना. मी इतकी घट्ट कधी मारत नाही. शेवटी दातानं सोडवली, न बघताच गळ्यात टाकली. मेन वर केला. संध्याकाळपर्यंत आकडा उणे अठरावर आला. सत्यशीलाताईंनी चहा पाजला आणि मी बीडला घरी आलो.

सकाळी अंगणात तोंड धुतलं, दस्तीनं पुसलं.

काठ लाल होता.

सत्यशीलाताईंना फोन लावला. गाड्या आल्या का, असं उगाच विचारलं.

"कवाच आल्यात. तुमची वाट बघतोय," त्या म्हणाल्या. "मेन पाडलाय, हँडलला तुमची हिरवी दस्ती हाय. तुमी आत हायेत म्हणून आमी कुणीच हात लावला न्हाई."

"ताई, मी घरी आहे."

मागं गाडीतून क्रेट उतरवल्याचा आवाज येत होता. मला भीती वाटली, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"कंट्रोलर बंद आहे ना?"

"न्हाई. छत्तीस पॉइंट नऊ."

अंगावर चांगलं ऊन होतं. फोन धरलेली बोटं मात्र बधिर व्हायला लागली.

"आता छत्तीस पॉइंट आठ झाले," त्या हळूच म्हणाल्या.