डीनसाहेबांचा शेरा

"हे वेळापत्रक ज्यानं केलंय ना, त्याला दगड घेऊन चार जिने चढवले पाहिजेत!"

दुसऱ्या जिन्याच्या वळणावर खोकं टेकवून ती मोठ्यानं म्हणाली. ती भूशास्त्र शिकवायची. तास तळमजल्यावर आणि दगडांचे नमुने ठेवायची खोली चौथ्या मजल्यावर. त्यात लिफ्ट बंद. सूचनाफलकापाशी पेन्सिल घेऊन उभा असलेला एक माणूस वळला, पुढे आला आणि त्यानं खोकं उचललं.

"चढतो," तो म्हणाला. "मीच केलंय."

नवे डीन! तिचे कान तापले, पण जीभ थांबली नाही.

"मग बदला की!"

"तुमच्यासाठी बदललं, तर एकवीस जणांचे तास हलतात. त्यांना काय तोंड दाखवू?"

"आणि माझ्या कंबरेचं काय?"

"कंबर... मलाही आहे," तो धापा टाकत म्हणाला.

वेळापत्रक काही बदललं नाही. पण दर मंगळवारी साडेअकराला तो जिन्याच्या तोंडाशी उभा असायचा. खोकं तो उचलायचा आणि भांडण ती.

"माझा विषय अभ्यासक्रमातून का छाटलात?"

"छाटला नाही. पुढच्या सत्रात ढकलला."

"तेच ते!"

"तेच नाही... मॅडम, पायरी बघा."

त्याची स्वतःची नजर मात्र पायरीवर नसायची. ते तिला दिसायचं – आणि दिसतं याचाच तिला जास्त राग यायचा.

मग तिची फाईल आली. नोकरीची पहिली दोन वर्षं परीक्षेची असतात. ती संपत आली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत डीनची शिफारस मिळाली नाही, तर नोकरी जाणार होती. आणि बुधवारी सकाळी तिला कळलं – डीनसाहेबांनी सही केलेली नाही.

ती तडक कार्यालयात हेडक्लार्क काकूंसमोर उभी राहिली.

"सही का नाही केली? दोन वर्षं काय मी गोट्या खेळले?"

"ओरडू नकोस गं, मला चांगलं ऐकू येतं," काकू म्हणाल्या. "डीनचं काम म्हणजे नुसती सही नव्हे. कोण शिकवायला लायक, कोणावर गुणांत अन्याय झाला, कोणाचा तास कुठे... सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं. आपला हात थरथरतोय असं वाटलं, तर माप दुसऱ्याच्या हाती द्यायचं. आधी वाच, मग भांड."

काकूंनी पुढे सरकवलेली फाईल तिनं उघडली. बारीक, सरळ अक्षरात सोमवारच्या तारखेचा शेरा होता.

'या शिक्षिकेबाबत माझं मन आता तटस्थ राहिलेलं नाही. त्यामुळे त्यांच्या नोकरीचा निर्णय मी घेणं योग्य होणार नाही. कुलगुरूंच्या परवानगीनं फाईल दुसऱ्या शाखेच्या डीनकडे द्यावी.'

तिनं ते दोनदा वाचलं. फाईल मिटली. आणि त्याच्या खोलीचं दार तिनं असं ढकललं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"काकूंना माहीत! कुलगुरूंना माहीत! शिक्का मारणाऱ्या शिपायाला माहीत! आणि मला? मी काय वाटेवरची?"

तो उठून उभा राहिला. चेहरा पार उतरला होता.

"फाईल माझ्या टेबलावर असताना विचारलं असतं... तर तुम्ही 'नाही' कशा म्हणाला असतात?"

त्याचं म्हणणं पटलं, म्हणून ती आणखी चिडली.

"सोमवारी गेली ना फाईल तुमच्या टेबलावरून? मग काल जिन्यात सांगायला काय झालं होतं?"

"काल तुम्ही चारही मजले बंद लिफ्टच्या नावानं बोलत होतात. मला मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही."

"निकाल लागेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही! आणि माझ्या दगडांना हात लावायचा नाही!"

गुरुवारी दुसऱ्या शाखेच्या डीनबाई तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. त्या फार कडक, असं सगळे म्हणायचे. तिनं हातातला खडू खाली ठेवला. मग तिनं एक गुळगुळीत गोटा उचलला आणि पाणी त्याला हजारो वर्षं कसं घासतं, ते सांगू लागली. सांगता सांगता ती बाईंना विसरली, फाईल विसरली. त्याला मात्र विसरली नाही.

शुक्रवारी पाचच्या ठोक्याला पत्र आलं. नोकरी कायम. डीनबाईंनी खाली एक ओळ लिहिली होती, 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत उत्तम पोचतो.'

मंगळवारी तो जिन्यापाशी होता, पण जरा लांब, हात मागे बांधून. ती सरळ गेली आणि खोकं त्याच्या छातीवर टेकवलं.

"धरा."

"राग... गेला?"

"मुळीच नाही. असा कसा जाईल?" ती पुढे चढू लागली. मागे न बघताच म्हणाली, "नोकरी पक्की झालीय. तुमच्याशी भांडायला अजून तीस वर्षं आहेत."

"इथेच... जिन्यात?"

"जिन्यात. घरी. जिथे असाल तिथे."

मागे धडपडल्याचा आवाज झाला. दोन दगड टणटणत खाली गेले.

"पायरी बघा," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी थांबली.