मुनिनाचं निर्दोष रक्त

मुनिना वारली तेव्हा तिच्या उशाखाली रक्ततपासणीचा कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं: दोष नाही.

पोर एकोणीस वर्षांची. हम्दीशी लग्न महिन्यावर आलेलं. वाळवंटातल्या आमच्या निर्वासित छावणीत नवरी हडकुळी गेली की माहेरची अब्रू जाते, म्हणून तीन महिने तिला गव्हाचा कुसकुस आणि लोण्यातली जवाची लापशी भरवत होते. जुलाबांनी ती वाळत गेली आणि संपली.

"दृष्ट लागली," बायका म्हणाल्या.

दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या एनगियाला ते पटेना. गहू-जव न सोसणाऱ्यांच्या रक्तात एक खूण सापडते. शेवटच्या दिवशी मुनिनाच्या रक्तात ती इतकी होती, की यंत्राचे आकडे अपुरे पडले. तीन महिन्यांपूर्वी, लग्नाआधीच्या तपासणीत, मात्र खूण नव्हती. दोन्ही वेळा सुई एनगियानेच टोचली होती, म्हणजे नळ्यांची अदलाबदल नव्हती.

ती मुनिनाच्या आईकडे, लहदियाकडे गेली.

"पहिल्या तपासणीआधी ती काय खायची?"

"मला काय ठाऊक? दहा महिने आत्याकडे होती, शेळ्या राखायला. परत आली ती गालांवर लाली घेऊन. लहानपणापासूनची पोटदुखीही गेली होती."

"आणि लग्नासाठी भरवलं कोणी?"

"आत्यानेच. पोरगी नको नको म्हणून रडायची, मला बघवायचं नाही."

वाटेत एनगिया रेशन वाटणाऱ्या बाईकडे थांबली, एकच प्रश्न विचारला, आणि मग आत्याच्या तंबूत शिरली.

तेकबर आत्या मोठी हुशार बाई. गव्हाच्या आजाराबद्दल दारोदार सांगत फिरायची, आणि तिला ते शिकवलं होतं एनगियानेच. मुनिनाच्या सुतकाचा चाळिसावा दिवस होताच हम्दीच्या घरून तेकबरच्या मुलीला, गलुहाला, मागणी आली होती. गलुहा समोरच गादीवर बसून वाडग्यातली लापशी गिळत होती. ओठाच्या कडेला फोड होते, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या.

"संपव गं. वाडगा रिकामा दिसला पाहिजे," तेकबर तिला म्हणाली आणि एनगियाकडे वळली. "गलुहाचा रिपोर्ट आणलास? सासरचे घाई करताहेत."

"आणलाय. आधी चहा."

रिवाजाच्या तीन पेल्यांतला पहिला आला.

"तेकबर, रक्त द्यायला येणाऱ्यांना तू काय सांगतेस?"

"तू शिकवलंस तेच. रक्त देईपर्यंत पाव सोडू नका."

"का?"

"गहू पोटात नसला तर खूण विरते. आजारी माणूस निरोगी दिसतो. परीक्षा घेतेस की काय माझी?"

दुसरा पेला आला.

"मुनिना तुझ्याकडे काय खायची?"

"आम्ही खातो तेच. पाव, कुसकुस."

"खोटं. दहा महिने तू एका माणसाच्या वाट्याचं पीठ परत देऊन तांदूळ नेलास. एकाच माणसाचं. आणि मुनिनाचं रक्त काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पूर्ण पीठ. रेशनवालीच्या लक्षात आहे."

तेकबर साखर ढवळत राहिली.

"तिला आजार आहे हे तू ओळखलंस," एनगिया म्हणाली. "आईला सांगितलं असतंस तर पोर आज हसत असती. तू तिचा गहू बंद केलास, खूण विरू दिलीस आणि निर्दोष असल्याचा कागद मिळवलास. मग त्या कागदाच्या जोरावर रोज तिच्या घशात गहू कोंबलास. ओकली तरी भरवलंस. कोणी शंका घ्यावी कशी? कागद माझ्या सहीचा होता. माझं शिकवणं तू सुरीसारखं तिच्या गळ्याला लावलंस."

"मरेल असं वाटलं नव्हतं," तेकबर हळूच म्हणाली. "आजारी पडेल, लग्न मोडेल, एवढंच. दीड वर्षापूर्वी हम्दी आधी माझ्या गलुहाला बघायला आला होता. मुनिना मध्ये आली."

तंबूचं कापड बाजूला झालं. बाहेर एनगियाच्या निरोपावरून आलेली लहदिया सगळं ऐकत उभी होती, तिच्यामागे दोन पोलीस. लहदिया रडत नव्हती. ती नुसती नणंदेकडे बघत होती.

तेकबरने सवयीने तिसरा पेला भरला. एनगियाने तो घेतला नाही. तिसरा पेला न घेता उठणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं. ती उठली आणि कागद तेकबरच्या मांडीवर ठेवला.

"हा गलुहाचा. खूण आहे, मुनिनापेक्षा थोडीच कमी. रक्त एकाच घराण्याचं आहे, तेकबर. जे दुसऱ्याच्या पोरीत दिसलं, ते आपल्या पोरीत शोधलं नाहीस."

"चुकलं असेल. पुन्हा तपास."

"गहू तर तूच भरवते आहेस. आज रक्त खोटं बोलणार नाही."

गलुहा अर्धा वाडगा धरून बसली होती. तिला कोणी काहीच सांगत नव्हतं.

"आई," तिने विचारलं, "हे ठेवू की संपवू?"