रिकाम्या फुलांवरच्या पाकोळ्या

जाळीघरातल्या पाकोळ्या उपाशी होत्या आणि डॉ. हेमांगी तेंडोलकरचा जीव थाऱ्यावर नव्हता. घाटमाथ्यावरच्या त्या प्रयोगशाळेत फुलपाखरांच्या राणी जातीच्या सत्तर पाकोळ्यांसमोर दोन रंगांची कागदी फुलं मांडली होती. लाल फुलांत काठोकाठ साखरपाणी होतं, पिवळ्यांत थेंबही नव्हता. तरी एकजात सगळ्या पिवळ्यांवरच बसत, सोंड उलगडत, काही मिळालं नाही की उडत, आणि शेजारच्या पिवळ्यावर जाऊन पुन्हा तेच.

"कालपासून हे चाललंय. सात मेल्या," डॉ. वेलणकर म्हणाले. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नाही. "लाल फूल वीतभर लांब आहे, हेमांगी."

"पण पाकोळीला लालच आवडतं ना, सर? शिकवावं लागत नाही."

"तेच तर. लाल ही तिची उपजत आवड. आपण पिवळ्यात साखर ठेवली, ती पिवळ्यावर यायला शिकली. साधी पाकोळी असती तर साखर परत लालमध्ये गेल्यावर अर्ध्या दिवसात पिवळं विसरली असती. या सत्तर जणींना आपण शिकतानाच स्मृतिमुद्रक पाजलंय."

स्मृतिमुद्रक म्हणजे हेमांगीची आठ वर्षं. ज्यांच्या आठवणी पुसल्या जातात त्यांच्यासाठी तिनं ते बनवलं होतं. सोमवारी ते पहिल्यांदा माणसांना द्यायचं होतं आणि यादीत पहिलं नाव तिच्या आईचं होतं. साखरेची जागा बदलून बघायची ही उलटचाचणी तिनंच दोनदा पुढं ढकलली होती. उगाच वेळ खाते, म्हणून.

"म्हणजे औषध लागू पडलं," ती हट्टानं म्हणाली.

"नको इतकं! ते आठवण टिकवतं, असं आपण समजत होतो. ते विसरायची वाट बुजवतं. औषध पोटात गेल्यावर तासाभरात जे गोडाशी जोडलं जाईल ते कायमचं छापलं जातं. मग त्यावर दुसरं काही लिहिता येत नाही. उपजत आवडसुद्धा त्याखाली गाडली जाते." वेलणकरांनी चष्मा पुसला. "सोमवारचं मी थांबवलंय. नशीब, अजून कुणाला दिलं नाही."

हेमांगी जाळीघराला एक फेरी घालून आली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला ती त्यांच्यासमोर थांबली.

"सर, मी दिलंय. आईला. काल सकाळी."

वेलणकर स्टुलावर बसले. "त्या तासात त्या तुला ओळखत होत्या?" त्यांनी विचारलं.

ओळखत होती म्हणून तर दिलं! महिनाभर आई दिवसातून जेमतेम पाव तास तिला ओळखायची. एरवी ती तिला आक्का म्हणायची. आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, जाऊन अकरा वर्षं झाली होती तिला. काल सकाळी आई अचानक म्हणाली, "हेमा, किती वाळलीस गं!" तो पाव तास पकडून ठेवायचा, या एका हावेनं हेमांगीनं घाईघाईनं औषध शिऱ्यात कालवलं आणि भरवायला बसली. चौथ्या घासाला आईची नजर हलली. "आक्का, तूच केलास ना शिरा? छान झालाय." अशा रुग्णांना खोडून काढू नका, हो म्हणत चला, असं सगळ्या नातेवाइकांना पढवलेलं असतं. हेमांगीच्या तर ते अंगवळणीच पडलं होतं. "हो गं, मीच," ती म्हणाली आणि पाचवा घास भरवला.

हे तिनं वेलणकरांना सांगितलं नाही. ती तडक मागच्या वसाहतीतल्या घरी निघाली, अर्धी वाट तर पळतच.

आई टेबलाशी ताठ बसली होती. सांभाळणाऱ्या सुलभाताई दारातच भेटल्या. "सकाळपासून तोंडात काही घेत नाहीयेत. मी सांगून थकले."

हेमांगीनं ताट वाढलं. घाईत आमटी सांडली. "आई, इकडं बघ. मी हेमा."

आई खळखळून हसली. कित्येक महिन्यांत ती इतकी स्वच्छ हसली नव्हती. "चल, थट्टा नको आक्का! माझी पोर मला ओळखू येत नाही होय?"

"बरं. जेव तरी."

"हेमा आल्यावर. आम्ही दोघी बरोबरच जेवतो."

"ती... तिला उशीर होईल."

"काल शिरा भरवताना तूच सांगितलंस ना? मी विचारलं, हेमा कुठाय, तर म्हणालीस, येतेच आहे आत्ता." आईनं ताट अलगद पुढं सरकवलं. "मग? माझ्या चांगलं लक्षात आहे."

आईची समजूत काढायला आपण हेही बोललो होतो, हे हेमांगी साफ विसरली होती. एरवी आईही पाच मिनिटांत विसरली असती. हेमांगी तिच्यापाशी खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून रडू लागली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"रडतेस काय आक्का? येईल गं ती," आई म्हणाली आणि दाराकडं बघू लागली.