बोटाची पाठ

माझा धाकटा भाऊ चिकटवतो आणि मी उपटते. दोघांचंही पोट त्यावरच चालतं.

खडी वाहणारा बेल्ट जिन्याइतका चढा असला की त्यावर खडी ठरत नाही. म्हणून बेल्टवर हातहातभर अंतराने रबराचे आडवे ठोकळे चिकटवतात. त्यांना आमच्याकडे क्लीट म्हणतात. क्लीट सुटला तर त्याच्या आधाराने चढलेली सगळी खडी खाली येते, आणि खाली माणूस उभा असतो. नव्या बेल्टच्या पहिल्या फेरीला तो माणूस माझा भाऊ असतो, कारण ज्याने चिकटवलं त्यानेच पायथ्याशी उभं राहायचं, असा कारखान्याचा दंडक आहे.

दर बेल्टमागे तीन नमुने माझ्या टेबलावर येतात. मी ते यंत्राच्या चिमट्यात धरते, खेचते, किती जोराला सुटले ते लिहिते आणि सही करते. अठरा वर्षांत माझ्या सहीखालचा एकही क्लीट सुटलेला नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. बरं, थोडं मिरवायलाही सांगते.

भावाला सगळे चिकट्या म्हणतात. गोंद पुरता सुकत आला की नाही हे तो बोटाच्या पाठीने बघतो. तळव्याला घाम असतो, पाठ कोरडी असते. उजव्या हाताचं मधलं बोट जरासं वाकवून सांध्यापासून नखापर्यंत हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. ओढ लागली की जोडायचं. शाळेत जाताना मी त्याला याच बोटाला धरून रस्ता ओलांडून न्यायचे. ते बोट मी डोळे मिटूनही ओळखेन.

सोमवारी पहिला नमुना खेचला. दर मिलिमीटरला नऊ न्यूटन, आणि पास व्हायला सहा पुरतात. गोंद जागचा हलला नव्हता, क्लीटचं रबरच मधून फाटलं होतं. याहून चांगला जोड नसतो. मी खुशीत तो तुकडा उलटा केला.

फाटलेल्या भागावर बोटाची छाप होती. सांध्यावरच्या तीन सुरकुत्या, पुढे नखाची कड, आणि सुरकुत्यांवरून तिरका गेलेला एक काप. गोंदात असती तर मी भावाला दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. पण ती गोंदापासून दोन सेंटिमीटर वर, भरीव रबराच्या पोटात होती. तिथे कुणाचं बोट पोचायचा प्रश्नच नव्हता.

मी त्याला बोलावलं. त्याने बोट छापेवर ठेवलं. सुरकुतीला सुरकुती बसली.

"माझंच की गं! पण हा काप कुठला? मला तर साधा ओरखडाही नाही."

"साच्यात कचरा असेल," मी म्हणाले. रबराला मी चांगली ओळखते. ते काहीही सोंग आणतं.

मंगळवारी सकाळी दुसरा नमुना. साडेअकरा! एवढा आकडा मी या यंत्रावर पाहिला नव्हता. छाप याही तुकड्यात होती, सुरकुत्याही त्याच होत्या. फक्त नख नव्हतं. बोट शेवटच्या पेराआधीच संपलं होतं, आणि पिशवीचं तोंड आवळावं तसं तिथलं टोक गोळा झालं होतं.

तो तुकडा मी त्याला दाखवला नाही.

दुपारच्या चहाला तो आला तो मधल्या बोटाला चिंधी गुंडाळून.

"काही नाही गं ताई, गोंदाच्या डब्याचं झाकण लागलं."

मी चिंधी सोडायला लावली. काप तिरका होता. सोमवारचा तुकडा मी शेजारी धरला आणि लगेच खाली ठेवला. मला भीती वाटली. या टेबलावर बसल्यापासून पहिल्यांदाच वाटली.

मी तडक फोरमनकडे गेले. "तिसरा नमुना मी खेचणार नाही. आणि तीन झाल्याशिवाय बेल्ट फिरत नाही, हा नियम तुमचाच आहे."

"मॅडम, आकडे चढत चाललेत आणि तुमचा चेहरा उतरलाय," तो हसला. "नियम कबूल. पण कारण काय लिहू?"

माझ्याकडे लिहिण्यासारखं कारण नव्हतं. मी तिसरा नमुना खणात टाकला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली आणि घरी गेले. रात्री शांत झोपले. नमुना खेचला नाही तर छाप दिसणार नाही, आणि बेल्ट तर फिरणारच नाही. माझा हिशेब पक्का होता.

बुधवारी सकाळी पोचले तर चिकट्या माझ्याच खुर्चीत बसून हसत होता. यंत्राचा चिमटा उघडा होता.

"तुझा खण मागून ढकलला की उघडतो, हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे," तो म्हणाला. "तू घाबरलीस म्हणून तिसरा मीच खेचला. चौदा, ताई! चौदा! फोरमननेच सही केली. आता फेरी निघतेय."

टेबलावर तुकडा पालथा पडला होता.

"आणि हे बघ." त्याने तो उलटला. "तू उगाच जिवाला घोर लावून घेतलास. यात छापबिप काही नाही."

रबर फाटलेलं होतं, काळंभोर आणि कोरं.

खाली भोंगा झाला. बेल्ट सुरू व्हायच्या आधी तो तीनदा होतो. भाऊ उठला.

मी त्याचा हात धरला. रस्ता ओलांडताना धरायचे तसा, मधल्या बोटालाच.

"सोड ना. खाली वाट बघतायत."

मी सोडलं नाही. उलट मूठ घट्ट आवळली.

दुसरा भोंगा झाला.

चिंधी कालचीच होती, तिची गाठ मीच मारलेली. माझ्या मुठीत तिचं टोक दबलं. ते दबतच गेलं, आणि मधे बोट न लागताच चिंधीला चिंधी लागली.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

"छे गं," तो हसत म्हणाला. "तू धरलंयस हेसुद्धा कळत नाहीये."