निरोप्याचा प्रवेश

त्या दुपारी मी वर्गात गेले ती नेहमीसारखीच, हातात खडू आणि काखेत हजेरीपट. शेवटचा तास. बाहेर आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत पोरं जांभया देत बसली होती. शिकवायची होती एक ग्रीक शोकांतिका, अडीच हजार वर्षांपूर्वीची. शेवटच्या तासाला या मंडळींना सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही, तिथे अडीच हजार वर्षांची काय कथा.

तुम्ही म्हणाल, भाऊ दवाखान्यात असताना ही बाई शिकवायला जाते कशी. धाकटा विजेच्या तारा जोडायचं काम करायचा. खांबावरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून शुद्धीवर नव्हता. आई त्याच्या उशाशी असायची. मला तिथे बसवत नसे. वर्गात तासभर त्या पलंगाचा विसर पडायचा, म्हणून मी जात होते. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर कसला, पळ काढत होते.

आता त्या नाटकांचं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्यांत मरण सहसा डोळ्यांसमोर घडत नाही. माणूस कुठेतरी लांब, आडोशाला मरतो. मग एक निरोप्या येतो आणि काय झालं ते सांगतो. तो येईपर्यंत समोर उभ्या असलेल्या आईसाठी तिचा मुलगा जिवंतच असतो. हे पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून माझी एक पद्धत होती. एकाला वर्गाबाहेर पाठवायचं आणि दार लावून घ्यायचं. त्याने तिथे एकटं उभं राहायचं. निरोप जड झाला की दार वाजवायचं. मी ‘ये’ म्हटल्यावर आत येऊन सांगायचं, पुस्तकात न बघता.

त्या दिवशी पाठवलं पुढारीला. सगळ्यांत पुढे पुढे करायचा, म्हणून पोरांनीच त्याचं हे नाव ठेवलेलं. समुद्रात बुडालेल्या मुलाची बातमी त्याने राणीला द्यायची होती. बराच वेळ गेला. मग दार वाजलं, अगदी हळू. मी ‘ये’ म्हटलं.

तो आत आला, पण त्याची ती फुशारकी कुठे दिसेना. भिंतीकडे बघत सांगू लागला. “म्हातारी उशाशी बसल्या बसल्या पेंगली आहे. तिच्या हातातला चमचा पडला... पलंगाखाली गेला. त्या आवाजाने त्याने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. तिला दिसलं नाही... त्याने परत मिटले.”

वर्गात कोणी हसलं नाही. मी दरडावून विचारलं, हे कुठून आणलंस. तो म्हणाला, बाहेर एक काका उभे आहेत, त्यांनी सांगितलं. धुळीने माखलेत, फार लांबून चालत आल्यासारखे. अजून बरंच सांगायचंय म्हणाले, पण बाकीचं ते स्वतःच सांगणार, आणि बोलावल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही.

मी दार उघडलं. लांबच लांब व्हरांडा, रिकामा. फक्त वास होता, उन्हात तापलेल्या धुळीचा, आणि बाहेर तर उन्हाचा कवडसाही नव्हता. तिथूनच आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला. जरा डोळा लागला होता म्हणाली. मी म्हटलं, पलंगाखाली बघ. ती कण्हत वाकली. चमचा होता तिथे.

“तुला गं कसं कळलं?” आईने विचारलं.

मी फोन बंद केला. आत येऊन दार लावलं, कडी घातली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. पोरं सगळी आत होती, पुढारीसुद्धा. पुन्हा थाप पडली, सावकाश, घाई नसलेल्या माणसाची.

पहिल्या बाकावरची मुलगी पुटपुटली, “मॅडम... त्यांना ‘ये’ म्हणायचं ना?”

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. वर्षानुवर्षं शिकवत आले होते की निरोप्या आत आला नाही तर काही घडलेलंच नसतं. शिकवता शिकवता माझाच त्यावर विश्वास बसला होता. थापा पाठीच्या कण्यात जाणवत होत्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्या थांबल्या, आणि मला वाटलं, वाचवलं मी धाकट्याला.

वाचवलं कसलं. तो जगला नाही आणि गेलाही नाही. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. आणला. अंगाला जखमा पडल्या, हाडं वर आली, डोळे अर्धवट उघडे. आई, जी देवाकडे त्याचं आयुष्य मागायची, ती एके दिवशी म्हणाली, “आता सुटू दे गं त्याला.” मग त्याचे ओठ हलायला लागले. आईने कान लावला. दिवसभर तो एकच म्हणत होता. “ताई... दार उघड.”

मी धावत कॉलेजात गेले. तो वर्ग उघडला, दारात उभी राहून ‘ये’ म्हटलं, रिकाम्या व्हरांड्याला हात जोडले. कोणी आलं नाही. मग घरातली सगळी दारं उघडी टाकली, खिडक्या, कपाटंसुद्धा. तो म्हणतच राहिला. माझ्या हातून काय झालंय ते मला तेव्हा कळलं, आणि त्यावर इलाज नव्हता.

आज संध्याकाळी तुम्ही आलात. दार सताड उघडं होतं, तरी तुम्ही ते वाजवलंत, आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबलात. मी दिवा लावला, तुम्हाला बसवलं आणि बोलायला लागले. मी बोलतेय तोवर तुम्हाला बोलता येत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. एवढं सगळं ठाऊक असूनही तेवढाच वेळ मला हवा होता. पण आतून मघापासून त्याचा आवाज येत नाहीये. आणि आई मला हाक मारत नाहीये.

माझं सांगून संपलं. बोला.